धानाचं लाकूड

माझे बाबा लाकूड डोळ्यांनी ओळखत नाहीत. आधी बोटाच्या पेरानं ठोकतात, मग नखानं ओरखडतात आणि शेवटी नाकाशी नेऊन वास घेतात. एवढं झालं की निकाल देतात, आणि तो निकाल पुढे बदलत नाही. त्यांचं तरुणपण गोंदियाच्या लाकूड कापायच्या आरा मशीनवर गेलं आणि नंतरचं आयुष्य गावोगावच्या दारं-खिडक्यांवर. त्यामुळे माझ्या कारखान्यातली पहिली फळी त्यांच्यासमोर ठेवली तेव्हा मी तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखी गप्प होते.

त्यांनी ठोकलं, ओरखडलं, वास घेतला. मग पुन्हा एकदा वास घेतला.

"हे कोण्या झाडाचं?"

"धानाचं," मी म्हटलं.

"धानाले लाकूड कवापासून लागून राहिलं?"

कारखाना म्हणजे तसं फार काही नाही. गोंदियाजवळ फुलचूरला भाड्यानं घेतलेली टिनाची शेड, एक जुना गरम प्रेस आणि राइस मिलमधून येणारी तुसाची पोती. धान भरडलं की तांदूळ एकीकडे जातो आणि वरचं टरफल, म्हणजे तूस, दुसरीकडे. गोंदियात तुसाला तोटा नाही. ते बारीक करायचं, त्यात चिकट राळ मिसळायची, प्रेसमध्ये दाबून फळी करायची आणि वरून सागाच्या रेषा छापलेला पातळ कागद चढवायचा. लोकांना भिंतीवर सागवान तर हवं असतं, पण वाळवी नको असते. मी नागपूरला इंटिरियर डिझाइन शिकून आले तेव्हा घरच्यांची समजूत होती की आता ही लोकांचे पडदे निवडून देणार. प्रेस चालवणारे मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, आप तो भूसे को सागवान की साड़ी पहना रहे हो." मी हसले, पण बोलणं लागलंच. मी मुळात चटकन मनाला लावून घेणारी आहे. घरात सगळे म्हणतात, हे बाबांकडून आलंय.

आता बाबांच्या कानांबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी खटपट त्यांच्यासाठीच होती.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूला. गावातला जुना विहार मातीच्या भिंतींचा आणि कौलांचा होता, जमीन शेणानं सारवलेली. तिथे दरवर्षी वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जायचा. वाचणारी माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण. बाबा चौथी शिकलेले. अक्षरं जुळवून बसच्या पाट्या वाचतात, पण जाडजूड ग्रंथ वाचणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. त्यांना जे काही येतं ते सगळं त्या विहारात बसून, कानांनी आत घेतलेलं. इतकी वर्षं ऐकल्यामुळे पानंच्या पानं त्यांना तोंडपाठ. लहानपणी आम्ही भांडलो की ते रंधा मारता मारता ग्रंथातलं एखादं वाक्य म्हणायचे आणि आमचं भांडण मिटायचं.

मग गावानं नवा विहार बांधला. वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी, भिंतींना कमरेपर्यंत टाइल्स. सगळ्यांना अभिमान वाटला, बाबांना तर जास्तच, कारण दार त्यांनी केलं होतं. पण आत्यानं वाचायला सुरुवात केली आणि तिचे शब्द भिंतीवर आपटून परत यायला लागले. एक शब्द संपायच्या आत मागचा येऊन त्यावर बसायचा. तरुण लोक कसंबसं भागवून न्यायचे. आरा मशीननं बाबांचे कान आधीच निम्मे खाल्ले होते, त्यांना तिथे नुसता कल्ला ऐकू यायचा. मी कानाचं मशीन आणून दिलं. मशीननं शब्दही मोठा केला आणि प्रतिध्वनीही मोठा केला. चार दिवसांत त्यांनी ते खिळ्यांच्या डब्यात टाकून दिलं. त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या वर्षी ते गेलेच नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. संध्याकाळी विहाराकडून आत्याचा आवाज यायला लागला की ते खुर्ची उचलून मागच्या अंगणात जाऊन बसायचे, तोंड शेताकडे करून. मी ते पाहिलं आणि मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. भिंतींमुळे एखाद्या माणसाचं ऐकणं बंद व्हावं आणि भिंती सजवणं हा ज्या लेकीचा धंदा तिनं नुसतं पाहत बसावं, हे मला पटेना. तेव्हाच ठरवलं की विहाराला माझ्या फळ्या लावायच्या. दिसायला सागवान, पण आवाज गिळणाऱ्या. बाबांना यातलं काही सांगायचं नाही असंही ठरवलं, कारण आपल्या कानांसाठी कोणी काही करतंय म्हटल्यावर त्यांनी मोडता घातलाच असता.

पहिली अडचण वेगळीच निघाली. पावसाळ्यापूर्वी मी एक फळी गावच्या घरी नेऊन भिंतीला टेकवून ठेवली होती. श्रावणात गेले तर फळी तव्यावरच्या पापडासारखी वळली होती. बाबा तिच्याकडे बघून मनसोक्त हसले. सहा महिन्यांत मी त्यांना इतकं खूष पाहिलं नव्हतं.

"फळी वाकली का लाजली?" ते म्हणाले.

"भिंतीत ओल हाये," मी म्हटलं.

आत्या तिथेच तांदूळ निवडत होती. "नाचता येईना अंगण वाकडं," ती मान वर न करता म्हणाली.

बाबांनी फळी उलटी केली, मागच्या बाजूवर हात फिरवला. पुढे कागद होता, मागे काहीच नव्हतं, उघडं तूस. "एका अंगानं पाणी पिते आन् दुसऱ्या अंगानं नाई. मंग वाकन नाई त काय करन? मागच्या अंगालेबी तेवढंच कापड घाल."

"मागचं कोण पाह्यते?"

"लाकूड पाह्यते ना."

खरं सांगायचं तर हीच गोष्ट मिस्त्री मला तीनदा बोलले होते आणि मी तीनदा उडवून लावली होती. सोनारानंच कान टोचावे लागतात. त्यानंतर मी प्रत्येक फळीला पुढे-मागे सारखाच कागद चढवायला लागले. कडाही राळेनं बंद केल्या. अशी एक फळी मुद्दाम ओल्या पोत्यात गुंडाळून शेडमध्ये ठेवली, मग टिनाखालच्या भट्टीसारख्या उन्हात आणली, मग पुन्हा पोत्यात. मिस्त्री म्हणायचे, मॅडम तिला बाळंतिणीसारखं शेकतात. फळी हलली नाही.

आवाजाचं काम त्यापेक्षा सोपं निघालं आणि जास्त गमतीचं. सपाट फळी आवाज परतच फेकते, मग ती सागाची असो की तुसाची. म्हणून मी फळीवर उभ्या बारीक फटी पाडल्या. फळी भिंतीपासून चार बोटं दूर बसवायची आणि मधल्या जागेत कापूस. आवाज फटीतून आत जातो, कापसात गुंततो आणि थकून तिथेच राहतो. कापूस आत्यानं जमवला. गावातल्या प्रत्येक घरातून जुन्या गाद्या आणल्या, पिंजून घेतल्या, कीड लागू नये म्हणून मी त्यात बोरिक पावडर घातली, आणि बायकांनी जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून त्यात तो भरला. अंदाज घ्यायला मी रिकाम्या विहारात जाऊन टाळ्या वाजवायचे. एक टाळी वाजवायची आणि ती किती वेळ घुमते ते ऐकायचं. मध्यभागी, कोपऱ्यात, दाराशी. बाहेरून जाणारे लोक डोकावून बघायचे. समाजातल्या एका आजीनं आत्याला विचारलं म्हणे, तुझी भाची बरी आहे ना.

आषाढी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी टेम्पोनं फळ्या गावात आल्या. दोन दिवसांत दोन्ही बाजूच्या भिंती आणि मागची भिंत झाकली गेली. शेवटची फळी बसल्यावर मी टाळी वाजवली. ती जिथल्या तिथे विरली. मी पुन्हा वाजवली, नुसत्या आनंदानं. मग आत्याला मूर्तीसमोर उभं करून चार ओळी वाचायला लावल्या आणि मी सगळ्यात मागे बसले. एकेक शब्द सुटा, कोरडा, स्वच्छ ऐकू आला. बाबांना पौर्णिमेच्या संध्याकाळी काहीतरी निमित्त करून आणायचं, असं आत्याचं आणि माझं ठरलं. तेवढ्यात गोंदियातलं एक काम निघालं आणि मी चार दिवसांसाठी फुलचूरला परतले.

पौर्णिमेला दुपारच्या गाडीनं आले. घरी पिशवी टाकायच्या आधी विहारात शिरले आणि सवयीनं टाळी वाजवली.

टाळी घुमली. छताला लागली, भिंतींना लागली आणि पूर्वीसारखीच हिंडून परत आली.

मला वाटलं कापूस ओल धरून बसला असेल, माझा हिशोब चुकला असेल, चार दिवसांपूर्वी मी ऐकलं तो माझाच भ्रम असेल. मी भिंतीजवळ गेले. फळी सरळ होती, कुठे वाक नाही, सागाच्या रेषा सुरेख. इतक्या सुरेख की आधी लक्षातच आलं नाही. फटी नव्हत्या. बोट फिरवलं तेव्हा कळलं. प्रत्येक फट कुणीतरी भरून काढली होती, घासून गुळगुळीत केली होती, आणि रंग असा जुळवला होता की शिवण दिसू नये. वरून मेणाचं बोट फिरवल्याची झाकही होती.

गावात असं काम करणारा एकच माणूस आहे.

मी आत्याला गाठलं. ती आधी दुसरंच बोलायला लागली, मग पदरानं तोंड पुसलं. माझ्या माघारी गावातल्या कोणीतरी बाबांच्या अंगणात येऊन म्हटलं होतं, तुमच्या पोरीच्या लाकडाला घुण लागलाय वाटते, किड्यानं पोखरल्यावानी, नवं लाकूड आन् फटीच फटी. दुसऱ्या दिवशी दुपारी, विहारात कोणी नसताना, बाबा गुडघा धरत धरत तिथे गेले. मी घरी ठेवलेल्या नमुन्याच्या फळ्या कानशीनं घासून त्यांनी त्याच रंगाची भुकटी काढली, गोंदात कालवली आणि तीन दुपारी बसून एकेक फट भरली. सुताराचा जन्मभराचा नियमच आहे तो. लाकडात भोक दिसलं की पॉलिश करायच्या आधी ते बुजवायचं.

"मी त्याले म्हणून राहिली होती, पोरीले विचार," आत्या म्हणाली. "आयकते का तो? म्हणे, तिले सांगू नोको, तिले वाईट वाटन."

मी तरातरा घरी गेले. बाबा ओट्यावर बसून पटाशीला धार लावत होते. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर लपवलेलं हसू आलं, चांगलं काम करून ठेवलेल्या माणसाचं. ते पाहूनही मी थांबले नाही, याची मला आजही लाज वाटते.

"फटी कायले बुजवल्या?" मी ओरडलेच.

ऐकू जावं म्हणून नाही, रागानं.

"लोकं घुण म्हणून राहिले होते तुह्या लाकडाले."

"त्या आवाजासाठी होत्या, बाबा. आवाज आत जावा म्हणून. तुमाले आयकू यावं म्हणून केल्या होत्या. तुमच्यासाठीच केलं होतं हे सारं."

त्यांनी पटाशी दगडावर ठेवली. मग म्हणाले, "मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी नाई म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं," ते म्हणाले. मग पटाशी पुन्हा उचलून, "पण बुजवलं नसतं ना."

मीच गप्प राहिले होते आणि त्यांनीही तेच केलं होतं. मनाला लावून घेण्याचा स्वभाव एकाच घरातला, दुसरं काय. मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. त्यांनी पटाशीची धार अंगठ्यावर तपासली आणि उठायला माझा खांदा धरला.

"चाल. कोठून सुरू करतं?"

त्या संध्याकाळी वर्षावासाचं पहिलं वाचन घुमतच पार पडलं आणि बाबा मागच्या अंगणात बसले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं विहारात. मी फटी पाडायचं मशीन आणते म्हटलं तर ते म्हणाले, मशीन कडा फोडन. त्यांनी पातळ पटाशी घेतली, मला जुनं करवतीचं पातं दिलं. ते फटीच्या वरच्या टोकाला गोंद उचकवायचे आणि मी पातं खाली ओढत न्यायचे. त्यांचा गोंद इतका पक्का बसला होता की मी मनातल्या मनात त्यांच्या कारागिरीला शिव्या देत होते. एकदा मोठ्यानं दिल्या, तेव्हा ते हसले. "कच्चं काम कोणी शिकवलंच नाई मले." मधल्या वेळात आत्या चहा घेऊन यायची आणि म्हणायची की जगात बाप घर बांधतो आणि लेक सजवते, आमच्याकडे लेक फटी पाडते आणि बाप बुजवतो.

काम करता करता त्यांनी एका फळीच्या कडेला सूत ताणून धरलं. आठ दिवस झड लागलेली होती, घराघरांत कपडे वाळत नव्हते. सुतात आणि फळीत केसाएवढंही अंतर नव्हतं. त्यांनी दुसऱ्या फळीला सूत धरलं, मग तिसऱ्या. मग बोटाच्या पेरानं ठोकलं.

"धानाचं लाकूड," ते स्वतःशीच म्हणाले. "वाकलं नाई पाह्य."

माझ्या शिक्षणाचा एवढा मोठा सत्कार आजवर झालेला नाही.

दाराच्या मागची एक फळी राहिली, तिथे पटाशी पोहोचत नव्हती. ती अजून बुजलेलीच आहे. मला ती तशीच आवडते.

सहाव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी पांढरा सदरा घातला. विहारात जाऊन ते सगळ्यात मागे, भिंतीला पाठ लावून बसले, जुन्या विहारात बसायचे तसे. मी त्यांच्या बाजूला. वंदना झाली. आत्यानं चष्मा लावला, ग्रंथ उघडला आणि वाचायला लागली.

मी ग्रंथाकडे बघत नव्हते. बाबांकडे बघत होते. पहिल्यांदा ते नुसते समोर बघत बसले. मग डोळे मिटले. मग त्यांचे ओठ हलायला लागले, आत्याच्या बरोबरीनं, कधी तिच्या अर्धा शब्द पुढे. मी ओढणी तोंडाशी धरली.

आत्याचं वाचन हल्ली लवकर संपतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. नव्या विहारात आल्यापासून ती झपझप वाचते, असं लोक कौतुकानं म्हणायचे. घरी जाऊन भाकरी टाकायला बरं पडायचं. त्या दिवशीही ती रंगात आली, एक परिच्छेद संपला, तिनं पान उलटलं आणि पुढे वाचायला सुरुवात केली.

बाबांचे ओठ थांबले. त्यांनी डोळे उघडले.

"एक पान सोडलं तुवं," ते म्हणाले.

विहारात त्यांचा आवाज सरळ पुढे गेला, कुठे अडला नाही. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आत्यानं चष्म्यावरून पाहिलं. तिचा चेहरा आधी चोरी पकडल्यासारखा झाला, आणि मग हळूहळू उजळला.

"दादा," ती म्हणाली, "दोन वर्सं झाले मी पानं सोडून राहिली. कोणाले कळलं नाई. तुले कसं कळलं?"

"आयकू आलं ना," बाबा म्हणाले. "माघार पलटव."

आत्यानं डोळे पुसले, पान मागे उलटलं आणि सोडलेलं सगळं वाचून काढलं. त्या दिवशी गावात सगळ्यांचं जेवण उशिरा झालं. आताही रोज होतं, आणि लोक त्याचा दोष माझ्या फळ्यांना देतात.